कोटाची बटणं, जपानी खेळ

आई गेल्यानंतर भाऊ आणि त्याची मुलगी थोडे दिवस माझ्याकडं उमरग्याला राहिले. भाऊ सारखा फोनवर असायचा आणि भाची पलंगावर पडून कार्टून बघायची. कार्टून म्हटलं की ती चिडायची. "आत्या, हे अ‍ॅनिमे आहे. जपानी. मोठी माणसंपण बघतात." तिनं माझ्या फोनवर एक मालिका लावून दिली, पहिला भाग माझ्याशेजारी बसून बघितला आणि दुसऱ्या दिवशी ते पुण्याला परत गेले. मालिका माझ्याकडं राहिली.

ती गो नावाच्या खेळावर होती. लाकडी पाट, त्यावर उभ्या-आडव्या रेघा, एकाकडं काळे खडे, दुसऱ्याकडं पांढरे. समुद्राकाठच्या गावातली एक मुलगी न्हाव्याच्या दुकानात जाते, तिथं म्हातारी माणसं गो खेळत बसलेली असतात, आणि ती त्यांच्यात बसायला लागते. एवढीच गोष्ट. मला खेळ कळत नव्हता. खालची इंग्रजी अक्षरं वाचून होईपर्यंत पुढचं वाक्य यायचं. तरी लॅबमधून आले, भाकरी टाकली की मी फोन डब्याला टेकवून बघत बसायचे.

मी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त काढते आणि तपासते. सकाळपासून माणसं समोरच्या खुर्चीत बसतात, हात पुढं करतात आणि मान दुसरीकडं फिरवतात. सुई टोचताना माझ्याकडं कोणी बघत नाही. टोचून झालं की कापूस दाबून उठतात. मालिकेतली माणसं मात्र समोरासमोर बसायची, एकमेकांना वाकून नमस्कार करायची आणि मग कितीतरी वेळ एकाच पाटाकडं बघायची. बोलायची नाहीत. पण समोरच्यानं खडा इथंच का ठेवला, याखेरीज त्यांच्या डोक्यात दुसरं काही नसायचं. एका माणसानं दुसऱ्याकडं इतकं लक्ष दिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि हरलेला माणूस स्वतःच्या तोंडानं म्हणायचा, मी हरलो. मान खाली घालायचा. मग जिंकणारा उठून जायचा नाही. दोघं मिळून सगळा डाव पुन्हा पहिल्यापासून मांडायचे आणि कुठं काय चुकलं ते बघायचे. ते बघताना पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईच्या वेळीसुद्धा आलं नव्हतं.

मी फोनवर खेळून बघितलं. समोर कुठल्यातरी देशाचा झेंडा यायचा, नाव म्हणून काहीतरी अक्षरं. हरायला लागले की ते लोक मधूनच निघून जायचे. मीही एकदोनदा तसंच केलं. मग ठरवलं, पाट आपणच करायचा. लाकडाच्या वखारीतून प्लायवूडचा तुकडा आणला, पट्टी लावून स्केचपेननं रेघा मारल्या. खड्यांसाठी खालच्या दुकानात गेले.

माझी खोली वरच्या मजल्यावर होती आणि खाली घरमालकांचं शिवणकामाच्या सामानाचं दुकान. अस्तर, दोरे, चेन, बटणं. लोक तयार कपडे घ्यायला लागल्यापासून तिथं गिऱ्हाईक कमीच यायचं, पण मालक रोज दुकान उघडून बसायचे. बायको वारलेली, मुलगा हैदराबादला. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं होतं. आम्ही बौद्ध, ते लिंगायत. आडनाव ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पाणी सकाळीच येतं. भरून ठेवावं लागंल." तसं गप्प बसणं माझ्या ओळखीचं होतं, म्हणून मी काही न बोलता किल्ली घेतली. नंतर पाणी आणि भाडं सोडून आमचं बोलणं झालं नव्हतं.

"काळी आणि पांढरी बटणं पाहिजेत आप्पा. भरपूर."

"शर्टाची?"

"कशाचीपण चालतील. खेळायचंय."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "खेळायला? कुणाला?"

"मला."

मी गो सांगितला, जमेल तसा. काळ्याला पांढऱ्यांनी चारी बाजूंनी कोंडलं की तो उचलायचा. शेवटी कुणी जास्त जागा वेढली ते बघायचं. आप्पांनी शर्टाची बटणं परत डब्यात टाकली. "ही हातात घावत न्हाईत," म्हणाले आणि स्टूलवर चढून मागच्या फळीवरचे खोके काढले. जुनी, जाडजूड, कोटाची बटणं. "आता कोट कोण शिवतंय? घ्या ही. पण मला दाखवा कसं खेळत्यात ते."

दुसऱ्या दिवशी मी पाट त्यांच्या काउंटरवर ठेवला. बटण रेघांच्या चौकोनात ठेवायचं नाही, जिथं रेघा एकमेकींना कापतात तिथं ठेवायचं, हे त्यांना पटायला वेळ लागला. "घर सोडून चौकात कशाला बसायचं?" असं विचारायचे. पण आठवडाभरात ते माझ्यापेक्षा बरे खेळायला लागले. मी कोपऱ्यात जीव वाचवत बसायचे, ते मधोमध घुसायचे. माझी बटणं उचलताना "साकु, साकु" म्हणायचे, म्हणजे कानडीत पुरे. माझं काही चुकलं की जिभेनं टकटक करायचे.

एकदा मी त्यांना मालिकेचा एक भाग दाखवला. न्हाव्याच्या दुकानातला सगळ्यात म्हातारा माणूस त्या मुलीशी हरतो आणि ती रडते, तो भाग.

"जिंकली तर रडती कशाला?" आप्पांनी विचारलं.

"तो आता परत येणार नाही असं तिला वाटतं."

"येडी हाय," म्हणाले आणि फोन माझ्याकडं सरकवला. दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून येते न येते तोच त्यांनी विचारलं, "आला का मग तो म्हातारा?"

असं बरेच महिने चाललं. मी घरी येताना त्यांच्यासाठी काही आणायचे नाही, तेही मला जेवा म्हणायचे नाहीत. त्यांच्या घराच्या आत मी कधी गेले नाही आणि माझ्या खोलीत ते आले नाहीत. काउंटर मध्ये असायचा आणि त्यावर पाट. संध्याकाळी हायवेवरचे ट्रक हॉर्न वाजवत जायचे. आप्पा बटण बोटांत धरून खूप वेळ विचार करायचे, आणि मला कुठंही जायची घाई नसायची.

मग त्यांचा मुलगा आला आणि दुकान मोबाइलवाल्याला भाड्यानं द्यायचं ठरलं. त्यात वाईट काही नव्हतं. आप्पांना चक्कर येत होती, एकटं ठेवणं बरं नव्हतं. हैदराबादला जायच्या दिवशी त्यांनी बटणांचे खोके माझ्याकडं दिले.

"घेऊन जा की तिकडं," मी म्हणाले. "नातवंडं खेळतील."

"त्यास्नी टाइम न्हाय," आप्पा म्हणाले. "तुमी या."

मी हो म्हणाले आणि बरेच दिवस गेले नाही. कुठल्या नात्यानं जायचं ते कळत नव्हतं. मुलानं त्यांना फोनवर गो लावून दिला होता म्हणे. आप्पा मला फोन करून म्हणाले, "काचंवर बोट टेकवायचं, ह्येला खेळ म्हणत्यात व्हय?" नंतर त्यांना झटका आल्याचं कळलं, उजवी बाजू गेली. तेव्हा मी पाट आणि बटणं पिशवीत भरून हैदराबादची बस धरली.

सुनेनं दार उघडलं. चांगली बाई. "आमच्याशी बोलत नाहीत," म्हणाली. आप्पा खिडकीपाशी खुर्चीत होते. त्यांनी मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. मी स्टूल ओढून त्यावर पाट ठेवला, वाकून नमस्कार केला, काळी बटणं त्यांच्या डाव्या हातापाशी ठेवली. त्यांनी एक उचललं. हात पुढं केला आणि बटण रेघांच्या चौकोनात ठेवलं. मी माझं पांढरं शेजारच्या चौकोनात ठेवलं. त्यांनी आणखी एक ठेवलं, मीही ठेवलं. नियम काही उरला नव्हता. कुणी कुणाला कोंडत नव्हतं. सून चहाचा कप घेऊन दारात थांबली, आत आली नाही. बऱ्याच वेळानं आप्पा दमले, हात मांडीवर ठेवला आणि मान खाली गेली. मला वाटलं झोपले. पण ते हळू, तोंड वाकडं करत म्हणाले, "हारलो."

"चला, परत बघू कुठं चुकलं," मी म्हणाले. तोवर त्यांना खरंच झोप लागली होती.

पावसाळ्यात ते गेले. माती द्यायला त्यांना उमरग्यालाच आणलं. लिंगायतांत मयताला बसवून नेतात, बसवूनच पुरतात. बेलपत्रं, कपाळाला विभूती, गळ्यात हार, आणि आप्पा ताठ बसलेले. मी बायकांच्या मागं उभी होते. एका बाईनं विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?" मी म्हणाले, "वर भाड्यानं राहते." तिनं मान हलवली आणि मला पुढं जायला जागा करून दिली. मी पुढं गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, लॅबमध्ये गर्दी होती. एक म्हातारी शीर सापडेना म्हणून घाबरली होती. मी तिचा हात धरून बसले, बोटांनी चाचपत राहिले. तिनं मान फिरवली नाही. मी काय करते ते शेवटपर्यंत बघत होती.