मळणारीचं गाडगं

शाळेत शिकवून थकलेला मी शाळा सुटली की फुलचूरच्या एका कुंभाराकडे मोटारीवर फिरणाऱ्या चाकावर मडकी घडवायला शिकायला जातो. शिकवतो तो, माती मळते त्याची बायको. पायानं तुडवते, हातानं खडे वेचते, पुन्हा तुडवते. बोलते अर्धं वाक्य गिळून, "बसते हो गुरुजी हात... बसते." तिनं स्वतः मात्र चाकाला हात लावायचा नाही. बाईमाणसानं चाकावर बसू नये, ही त्यांची रीत.

एकदा कुंभार चहाला गेला होता. माझा गोळा पुन्हा कोलमडला आणि मी वैतागून उठलो. ती माझ्या जागी बसली. तिचाही गोळा आधी आडवाच झाला. नंतर मात्र एक गाडगं उभं राहिलं, जरासं वाकडं.

कुंभार परतला तेव्हा तिचे पाय पुन्हा मातीत होते.

"कोनं केलं हे?"

"गुरुजीनं."

मी तोंड उघडलं, तर तिनं नुसती 'नको' अशी मान हलवली.

"जमून राहिलं की तुमाले," म्हणत त्यानं ते चाकावरून दोऱ्यानं कापून वाळत ठेवलं.

भाजून झाल्यावर त्यानं ते माझ्याच हाती दिलं. निघताना ती फाटकापर्यंत आली.

"पानी झिरपते का... सांगजा गुरुजी."