ब्रुनोच्या पोटातली कोय

“ह्याच्या आतड्यात काहीतरी अडकलंय,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. समोरच्या स्क्रीनवर एक्स-रे होता. टेबलावर आमचा सात महिन्यांचा लॅब्राडोर आडवा पडला होता, आणि तशाही अवस्थेत त्याचं नाक मॅडमच्या ॲप्रनच्या खिशाकडे वळलेलं होतं. खिशात बिस्किटं होती.

अडकणारच, असं मी मनात म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला आधी काळजी वाटली नाही. राग आला.

मॅडमनी दोन इंग्रजी शब्द सांगितले. एक, इन्टेस्टायनल ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे आतड्याची वाट बंद होणं. दुसरा, फॉरेन बॉडी, म्हणजे पोटात नसायला हवी ती वस्तू. एक्स-रेमध्ये वस्तू दिसत नव्हती. तिच्या अलीकडे साचलेली हवा दिसत होती, काळ्या फुग्यांसारखी. पोट दाबल्यावर हाताला गोळा लागत होता.

“अखाजीनंतर माझ्याकडे आंब्याची कोय गिळलेली कुत्री येतातच,” मॅडम म्हणाल्या. “कोयच असावी असं वाटतं. घरात कोणी टाकली होती का?”

मी यजमानांकडे बघितलं. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं, आता मीही म्हणते. नानांनी मान खाली घातली. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय. फळ्याकडे तोंड असताना मागे कोणी खोडी काढली हे मला न वळता कळायचं. खाली गेलेली मान मला लगेच वाचता येते.

हे कुत्रं आम्ही मागितलं नव्हतं. आमच्या निखिलने पुण्यात हौसेने आणलं, सोसायटीवाल्यांनी कटकट केली, आणि एका शनिवारी तो गाडीत घालून आमच्या दारात सोडून गेला. आमचं गाव तापीकाठचं, नंदुरबारपासून तासाभरावर. अंगण आहे, गोठा आहे, मोकळी जागा आहे, असं निखिलचं म्हणणं. त्या मोकळ्या जागेत मी आहे, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

लॅब्राडोर फार प्रेमळ असतो, असं सगळे सांगतात. तो अन्नावर प्रेम करतो आणि आपण अन्नाच्या वाटेत उभे असतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. ह्याने पहिल्या आठवड्यात म्हशीची सरकी खाल्ली. मग वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, खाल्ले, साबणाची वडी खाल्ली, माझ्या चपलेचा अंगठा खाल्ला. एकदा लाल मिरची खाल्ली, पाण्याच्या टाक्यापाशी बसून अर्धा तास शिंकला आणि परत मिरचीपाशी गेला.

आमच्याकडे शेवटची भाकर कुत्र्याची असते. ती पद्धत गावठी कुत्र्यांसाठी चालून गेली, कारण ती दहा घरं फिरून एका पोटाचं खातात. हा मात्र आमच्याकडची खाऊन शेजारच्या शकुबाईच्या ओट्यावर जायचा आणि तिथे असं तोंड करून बसायचा की बघणाऱ्याला वाटावं, आम्ही त्याला आठवडाभर कोंडून ठेवलं होतं. शकुबाई मला सुनावायची, “मास्तरीनबाई, मुकं जनावर शे, पोटले तं घाला!” त्याच्या पोटात तेव्हा पाच घरच्या भाकरी असायच्या.

मॅडमनी नंतर समजावलं की काही लॅब्राडोरच्या जीनमध्ये, म्हणजे आईबापाकडून आलेल्या घडणीतच, एक तुकडा कमी असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट जात नाही. मी ऐकून घेतलं. अशी दोन माणसं आमच्या माहेरीही आहेत, पण त्यांना कोणी जीनची सवलत दिली नाही.

आता अखाजीचा दिवस सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

आमच्या खान्देशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतात, पुरणपोळी आणि आमरसाचं पान वाढतात. सासऱ्यांना, म्हणजे आबांना जाऊन सात वर्षं झाली. मी पहाटेपासून चुलीपाशी होते. खापरावर, म्हणजे पालथ्या मातीच्या भांड्यावर, हातभर मोठी पोळी टाकायची तर नजर हलवून चालत नाही. एका हाताला तूप, दुसऱ्या हाताला रस, आणि दोन्ही पुसायला एक फडकं. मी पोळी उलटत होते आणि मागे ताट वाजलं. बघते तर आबांच्या पानातली पोळी साफ झालेली, आणि हा रसाच्या वाटीत तोंड घालून उभा.

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, हाताला लागेल ते फेकलं, आणि तो अंगणात पळाला. नाना हसले. “आबानीच खादं समज. यंदा कुत्राना रूपमा उनात.” मी त्यांनाही बोलले. दुसरं पान वाढलं आणि पुन्हा खापराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी त्याने उलटी केली. तिसऱ्या दिवशी भाकर पुढे ठेवली तर त्याने ती हुंगली आणि तोंड फिरवलं. तुमच्या घरी लॅब्राडोर असेल तर एवढं एकच लक्षात ठेवा. तो उलटी करेल, लंगडेल, शिंकेल, ते सगळं चालेल. त्याने अन्नावरून तोंड फिरवलं की मिनिटभर थांबू नका. मी थांबले. हावरटपणाची शिक्षा आहे, होईल बरा, असं म्हणून मी त्याला एरंडेल पाजलं. मॅडम ह्यावरून मला फार बोलल्या. वाट बंद असताना जुलाब देणं म्हणजे आतडं फाडायला बोलावणं आहे, असं म्हणाल्या. मला तोवर कोणी असं बोललेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी तो उठेना. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात लावून सांगितलं, एक्स-रे लागेल, नंदुरबारला न्या. म्हणून आम्ही मॅडमपुढे उभे होतो.

“तुम्ही दिधी ना कोय त्याले?” मी तिथेच नानांना विचारलं.

नानांनी हळू आवाजात सांगितलं. “एकच आंबा खादा. गोठाना मांगे. कोय तठेच टाकी व्हती. त्यानीच उचली व्हई. मन्हीच चूक शे.”

नानांना डायबेटिस आहे, म्हणजे रक्तात साखर जास्त. आंबा त्यांना बंद. म्हणजे एका कोयीत दोन गुन्हे सापडले, आणि मी दोन्हींचा निकाल तिथेच लावला. कंपाउंडर ऐकत होता, बाकावरची माणसं ऐकत होती, मला कशाची पर्वा नव्हती.

मॅडम म्हणाल्या, एक दिवस सलाइन देऊ, अंगातलं पाणी भरून काढू आणि उद्या ऑपरेशन. एक्सप्लोरेटरी लॅपरोटॉमी, म्हणजे पोट उघडून आत काय आहे ते बघणं. “वाचेलच असं सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “उशीर झालाय.”

त्या संध्याकाळी घरी येऊन मी निखिलला फोनवर सगळं सांगितलं, पप्पांनी कोय टाकली म्हणून. शकुबाईला सांगितलं. शकुबाईला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. सकाळी नाना दूध काढून येत होते तर तिने ओट्यावरून विचारलं, “काय नाना, कुत्राले कोय चारी दिधी म्हणे?” नाना नुसतं “हां” म्हणाले आणि आत आले. पुढे जेवण ठेवलं तर म्हणाले, भूक नाही. आदल्या रात्रीही जेवले नव्हते. नाटकं करू नका, असं मी म्हटलं आणि ताट उचललं. गोळी मात्र त्यांनी नियमाने घेतली, कारण मी रोज विचारते.

तसेच आम्ही पुन्हा नंदुरबारला गेलो. दवाखान्याच्या बाहेर पत्र्याची शेड आहे, तिथे बाकावर आम्ही बसलो. आत ऑपरेशन सुरू झालं होतं. शेजारी तोरणमाळकडची एक बाई शेळी घेऊन बसली होती. तिची पावरी भाषा मला कळत नव्हती, माझी तिला. मी नणंदेला फोन लावला आणि कोयीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. तुमच्या भावाला कसं सांगायचं, एवढं वय झालं तरी जिभेवर ताबा नाही, वगैरे.

मी सांगत असतानाच त्या बाईने माझा दंड धरून हलवला. मी वळले. नाना एका बाजूला कलंडले होते. सदरा घामाने भिजलेला, हात थरथरत होते, डोळे उघडे होते पण मला बघत नव्हते. हायपोग्लायसेमिया, म्हणजे साखर एकदम खाली जाणं. उपाशी पोटी साखरेची गोळी घेतली की होतं. हे मला माहीत होतं. शाळेत आरोग्याचा तास मीच घ्यायचे.

मी नुसती बघत राहिले. त्या बाईने पदराची गाठ सोडली, गुळाचा खडा काढून फोडला आणि चुरा करून नानांच्या गालात भरला. थोड्या वेळाने त्यांनी चघळायला सुरुवात केली. मग पाणी मागितलं. मग विचारलं, “भुऱ्याचं काय झालं?” ब्रुनोला ते भुऱ्याच म्हणतात. फोन माझ्या हातात चालूच होता आणि नणंद हॅलो हॅलो करत होती. मी भ्यायले होते. एवढी भीती मला कुत्र्यासाठी वाटली नव्हती.

तासाभराने मॅडम बाहेर आल्या. हातात स्टीलचा ट्रे होता.

“कोय नव्हती,” त्या म्हणाल्या. “कापड होतं. एक टोक जठरात अडकलं, बाकीचं आतड्यात ओढलं गेलं. परकराची नाडी ओढल्यावर कापड कसं गोळा होतं, तसं आतडं गोळा झालं होतं. दोन जागी कापावं लागलं. हे ओळखीचं आहे का?”

त्यांनी ते नळाखाली धुतलेलं होतं. निळं कापड, त्यावर पांढरी फुलं. माझा जुना गाऊन मी संक्रांतीनंतर फाडला, त्याची चार फडकी केली. तीन घरात होती. चौथं कुठे गेलं, हे मला अखाजीपासून आठवलंच नव्हतं. हाताला लागेल ते फेकलं, असं मी वर लिहिलंय ना, ते हे. तुपाने आणि रसाने चिंब झालेलं फडकं मी त्याच्या तोंडावर मारलं होतं. शाळेत खडू मारायचे, तसंच. खडू परत उचलायची जबाबदारी माझी कधीच नव्हती.

नानांनी कापड बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं ते माझ्या गाऊनची फुलं बघतायत.

“रस्त्यात कुठे मिळालं असेल त्याला,” ते मॅडमना म्हणाले. “हा काय, दिसेल ते गिळतो.” आणि कागदात गुंडाळून ते फडकं त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकलं.

पुढचे तीन दिवस नळीतून पाणी, मग चमचाभर भाताची पेज. टाके धरले तर जगेल, असं मॅडम म्हणत होत्या. चौथ्या दिवशी त्याने पेजेसकट चमचा धरला आणि सोडेना. मॅडम हसल्या, म्हणाल्या, घरी न्या आता.

परत येताना तो नानांच्या मांडीवर होता, टाके चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं. अर्ध्या रस्त्यात नाना बाहेर बघत म्हणाले, “घर जाईसन कोय व्हती असंच सांग. लोके मले चिडावतस, चिडावू दे. तुले कोनी काही बोलाले नको.”

गाडीतून उतरले तर शकुबाई ओट्यावर होती. “निंघनी का कोय?” तिने विचारलं. मी म्हटलं, “निंघनी.”

ह्या गोष्टीला तीन महिने झाले. नानांना आता गल्लीत कोय म्हणतात. दूध घालायला गेले की पोरं विचारतात, नाना, आज कोनले चारी? निखिल फोनवर बापाला सल्ले देतो, खाण्याच्या वस्तू उंच ठेवा म्हणून. नाना ऐकतात, हसतात. त्यांनी मला एकदाही सुनावलं नाही. ते सुनावत नाहीत म्हणून मला त्यांचाही राग येतो. एकदा भांडले असते तर फिटलं असतं.

कुत्र्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पोटावर वीतभर व्रण घेऊन तो परवा शेणाच्या पाटीत तोंड घालून उभा होता. नरसाळंही त्याने शेवटी खाल्लंच, कडेने. मी आता त्याच्यावर काही फेकत नाही, एवढंच. ओरडते, आणि ओरडून झालं की हातात फडकं आहे ना ते बघते.

आजारपण लिहिणारे शेवटी डॉक्टरांचे आभार मानतात. मॅडमचे मी मानते, त्यांनी मला बोललेल्या प्रत्येक शब्दासकट. त्या पावरी बाईचे मानायचे राहिले. तिचं नावही मी विचारलं नाही. ती शेळी बरी झाली का, तेही मला माहीत नाही.

आणि ज्यांच्या घरात असं पिल्लू आहे, त्यांना फडकी खुंटीला टांगा असं सांगून हे संपवता आलं असतं. पण हे मी त्यासाठी लिहायला घेतलं नव्हतं. ते धुतलेलं फडकं नानांनी फेकलं नाही, माझ्या इतर तीन फडक्यांत घडी करून ठेवलंय. आज दुपारी मी ते घेऊन शकुबाईच्या ओट्यावर जाणार आहे आणि आधी तिला, मग निखिलला, मग नणंदेला खरं काय ते सांगणार आहे. नानांनी कोय टाकली होती, ती गोठ्याच्या मागे उगवलीय, मी काल बघून आले. कुत्र्याने तिला तोंडही लावलं नव्हतं.