धुतलेलं ताट
अंबाडीच्या भाजीचा आंबट वास आला की मला चारठाण्यातलं ते ताट आठवतं. निजामाच्या राजवटीत मी हैदराबादेत कॉलेजात होतो, म्हणजे शेरवानीपुरता शहाणा होतो. मित्राच्या गावची, चारठाण्याची, जुनी देवळं पाहायला गेलो. गळ्यात लिंग बांधलेल्या त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी उन्हात अनवाणी हिंडून मला एकेक खांब दाखवला. दुपारी जेवताना मी अंबाडीची भाजी आणि अर्धी भाकरी टाकून ताटातच हात धुतले. त्यांनी मात्र आपलं ताट निपटलं, त्यात पाणी घालून ते प्यायले. मी विनोद केला, "काका, विहीर आटली का काय?" कुणी हसलं नाही. "पाणी लय हाय, बाबा," ते म्हणाले, "पण ताटात पडलं ते आमाला महादेवाचा परसाद." मग माझ्या ताटाकडं पाहून हळूच म्हणाले, "तुमाला सांगायचं मीच इसरलो." संध्याकाळी ते जेवायला बसले नाहीत. मित्र म्हणाला, "घरात परसाद वाया गेला म्हून उपास करायलेत." मी त्यांच्यासमोर बसून दोन भाकरी, कणही न सांडता, गिळल्या. आता माझं लख्ख ताट पाहून बायको म्हणते, "घासू कशाला, तसंच फळीवर ठेवते." मी हसतो. घरात शंभर गोष्टी रंगवून सांगतो. ही अजून सांगितलेली नाही.