बाकावरच्या डॉक्टर

शोभाताई केबिनमध्ये कमी आणि बाहेरच्या बाकावर जास्त बसायच्या. साधी साडी, गळ्यात तपासायची नळी नाही; नवा माणूस त्यांना कोणाची तरी आजी समजायचा. मीही समजलो. शंकर नगरच्या त्यांच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलो, तेव्हा "आजी, जरा सरकता का," म्हणून पोरीला शेजारी बसवलं आणि त्यांनी विचारलं तसं सगळं सांगत सुटलो. मी सोपान, यवतमाळकडचा, आठवीनंतर शाळा सोडलेला, पोटासाठी या हिंदी मुलखात आलेला, सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, प्लांटमध्ये कामाला. परी आठ वर्षांची. कोरडा खोकला थांबत नव्हता आणि संध्याकाळ झाली की ताप. आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, सगळेच खोकतात. प्लांटवाले कामावरून आले की गूळ खातात, घशातली धूळ उतरते म्हणून. मी परीलाही रोज खडा देत होतो.

"गूळ दे," त्या म्हणाल्या, "पण धुळीनं ताप येत नसते, सोपान. काहून इतके दिवस थांबला?"

एवढं बोलून त्या उठल्या आणि डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांचं म्हणणं असं, की पोट्ट्याची अर्धी तपासणी बाकावरच होते, केबिनमध्ये सगळेच रडतात. परी खोकत खोकत फरशीवर लंगडी घालत होती, ते त्यांनी आधीच पाहून घेतलं होतं. ती प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हिंदीत देते हे ऐकून मला चिडवलंही, "पोट्टी खोकलते तरी मराठीत का?"

नळीला छातीत फारसं काही ऐकू आलं नाही. एक्स-रेत मात्र उजवीकडे पांढरा ढग. खेळणारं पोर आणि असला फोटो, हे माझ्या डोक्यात जुळतच नव्हतं. ताईंचा संशय त्यावरूनच पक्का झाला. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असावा, म्हणाल्या. शाळेत जाणाऱ्या पोरांना धरतो, चालता-फिरता निमोनिया. आधी दुसरीकडून आणलेलं गोड औषध त्याच्यावर चालत नाही. रक्तात पांढऱ्या पेशी ठीक होत्या, सीआरपी वाढलेला. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण जाड ठशातला आकडा दिसतो. मी कागद ताईंपुढे धरला.

"सीआरपी म्हणजे भट्टीचा धूर," ताई म्हणाल्या. "आग किती ते सांगते. कोणी लावली ते नाही सांगत. ते मी पाहीन."

नवं औषध सुरू झालं, तरी ताप हटेना. परीनं खेळणं सोडलं. श्वास भरभर चालायला लागला. पुन्हा रक्त तपासलं, तर सीआरपी उतरायच्या ऐवजी चढलेला. बायको तोंडाला पदर लावून बसली. गावाकडे काय कळवू, एवढंच माझ्या डोक्यात. ताईंनी रिपोर्टवर एक नजर टाकली, परीच्या भरभर वरखाली होणाऱ्या बरगड्यांकडे मात्र कितीतरी वेळ पाहिलं.

"माझं पहिलं औषध कमी पडलं," त्या म्हणाल्या. "जंतू हट्टी आहे. आजच भरती करू, औषध बदलू."

डॉक्टर माणूस असं तोंडावर बोलतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं. आणि गंमत म्हणजे मला धीर आला तो त्याच बोलण्यानं.

मोठ्या दवाखान्यात परीला ऑक्सिजन लागला. औषध बदललं, फुप्फुसाची सूज उतरवणारं दुसरं सुरू झालं. ताई दोन्ही वेळा येऊन खाटेजवळ बसायच्या. आधी ताप उतरला, मग आकडा. एका दुपारी परीनं आईला सोडून त्यांनाच सांगितलं, "दीदी, भूख लगी है." ताईंनी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला आणि स्वतःही एक खाल्लं.

परी घरी आली. त्याच महिन्याअखेर आपला दवाखाना बंद करून त्या वर्ध्याला मुलीकडे राहायला जाणार होत्या. शेवटच्या दिवशी मी पाया पडलो आणि मनातलं विचारलं. पोरगी अजून खोकते, तुम्ही गेल्यावर मी कोणाला विचारू?

"खोकला राहीन अजून काही आठवडे. खोकला मोजत बसू नको. ताप नाही ना, जेवते का, खेळते का, श्वास कसा घेते, ते पाह. बाप आहेस. तुले दिसते."

सोमवारी शाळेची व्हॅन आली. परी दारातच खोकली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी परीकडे पाहिलं. ताटलीतली पोळी संपलेली, श्वास सावकाश, अंग गार, आणि एक पाय कधीच उंबऱ्याबाहेर. मी तिच्या पाठीवर दप्तर चढवलं आणि व्हॅनचं दार माझ्या हातानं लावलं.