शेंदऱ्या नर की मादी, हे मी विचारलंच नाही

आज सकाळी आमचा शेंदऱ्या गेला. पोटात अंडी अडकून.

हो, अंडी. म्हणजे आमचा शेंदऱ्या मादी होता. मला हे परवा कळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शेंदऱ्या म्हणजे आमचा कॉर्न स्नेक. परदेशी जात, बिनविषारी, शेंदरी रंग. पुण्यातली एक मैत्रीण देश सोडून गेली, तिनं दीड वर्षापूर्वी कागदपत्रांसकट मला दिला. आपल्याकडचे साप पाळायला बंदी आहे, उगाच माझं बघून कुणी शेतातला धरून आणू नका.

वरवे गावातल्या घरात मी आणि आई, दोघीच. बहीण लग्न होऊन साताऱ्याला.

पहिल्या दिवशी आई ओट्यावर चढून बसली होती.

"घरात उंदीर नको म्हनून लोकं मांजर पाळत्यात. ही बया सापासाठी उंदीर इकत आणती!"

महिनाभरात तीच काचेच्या पेटीसमोर बसून त्याच्याशी गप्पा मारायला लागली.

आईला भाऊ नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपवास करायची, तो वारुळातल्या नागोबासाठी. गेल्या वर्षी तिनं तो शेंदऱ्यासाठी धरला.

"आता ह्योच माजा भाऊ."

दुधाची वाटी मात्र मी पेटीत जाऊ दिली नाही. त्यावरून दोन दिवस अबोला.

आता माझी चूक सांगते.

मी भोरला एका सोनोग्राफी सेंटरमध्ये रिसेप्शनला आहे. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' या पाटीखाली माझी खुर्ची. सासवा येतात, नवरे येतात, आडून आडून विचारतात. मी वसकन अंगावर जाते. मला त्याचा अभिमान आहे.

कारण आम्ही दोघी बहिणीच. त्यापायी आईनं भावकीत काय काय ऐकून घेतलंय, ते मी लहानपणापासून बघितलंय.

तर शेंदऱ्याला पहिल्यांदा पुण्याला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "नर की मादी, बघून घेऊया का?"

मी म्हणाले, "काय करायचंय? आमच्याकडे हे विचारत नाहीत."

डॉक्टर हसले. "मॅडम, इथं विचारायचं असतं."

बिचाऱ्यांनी समजावूनही सांगितलं. बारीक गुळगुळीत सळई शेपटीच्या बाजूला हळूच सरकवून बघतात, जाणत्या हाताला पाच मिनिटांचं काम. तेही नको असेल तर त्याची कात आणा, डीएनए टेस्टला पाठवू. सापाला हातसुद्धा लावावा लागत नाही.

मी ऐकते कुठली? "मुलगा काय, मुलगी काय, आम्हाला सारखंच," असं भाषण ठोकून आले.

परदेशी प्राण्यांच्या सरकारी रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर लिंगाचा रकाना होता. आईचा भाऊ, म्हणून बेधडक 'नर' लिहिलं.

मध्ये नसरापूरचा एक ओळखीचा शहाणा व्हिडिओ बघून आला होता. "अंगठ्यानं शेपटी दाबायची, लगीच समजतंय." त्याला दारातूनच हाकलला. मोठ्या सापाला असं दाबलं तर आतून इजा होते. तेवढं एक मी बरोबर केलं.

आणि देव्हाऱ्यामागं पिशवीत चार काती होत्या. घरात बरकत राहते म्हणून आईनं जपलेल्या. त्यातली एक कुरियर करायला मला काय धाड भरली होती?

गेल्या महिन्यात त्यानं खाणं सोडलं. मी मोबाईलवर शोधलं. नर साप या जोडीच्या दिवसांत खाणं सोडतात, असं वाचलं. आणि आमचा तर नरच, मी स्वतः लिहिलेला! मी निवांत.

आई म्हणत होती, "आगं, त्येचं पोट बघ की. मागच्या अंगाला फुगलंय. सारखा कोपरं हुडकतोय."

मी म्हणाले, "आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

दोन लेकरं जन्माला घातलेल्या बाईला मी हे विचारलं.

परवा हालचाल थांबली तेव्हा पुण्याला पळाले. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. इतकी वर्षं तसल्याच खोलीच्या दाराबाहेर बसणारी मी, पहिल्यांदाच आत स्क्रीनसमोर उभी होते. एकामागं एक अंडी. मोजवेनात.

"मादी आहे," डॉक्टर म्हणाले. "नर नसला तरी अंडी धरतात. फोल असतात, पण बाहेर यावी लागतात."

आधी माहीत असतं तर अंडी घालायला पेटीत ओल्या शेवाळाचा डबा ठेवला असता. खाणं सोडलं त्याच आठवड्यात तिला नेलं असतं. काल ऑपरेशन झालं, पण तिच्या अंगात ताकदच उरली नव्हती.

डॉक्टर मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

ज्यांच्या घरी असा साप आहे त्यांना हात जोडून सांगते. घरी दाबून बघू नका, पण अंदाजावरही सोडू नका. कात जपा, टेस्टला द्या, डॉक्टरांना विचारा. माणसांत तो प्रश्न पोरींच्या जिवावर उठतो. इथं मी विचारला नाही म्हणून एक जीव गेला.

दुपारी बांधावर करंजाखाली तिला पुरलं. आईला सगळं सांगितलं. मी का विचारलं नाही, तेही.

आई बराच वेळ माती सारखी करत बसली. मग म्हणाली, "आगं, पोरगी हाय हे कळलं आसतं, तर आपुन काय टाकून दिली आसती व्हय तिला?"



शेंदऱ्या, बाई, माफ कर मला. माझा आणि आईचा तुला शेवटचा नमस्कार.