मुकादमाच्या तळ्यावरच्या कौसाबाई

पाळी सुरू असलेल्या मुलीने पाण्यापासून दूर बसावे, अशी आमच्या गावाची रीत. कौसाबाईंच्या पोहण्याच्या शिकवणीत मात्र त्या मुलीला सर्वांत आधी हाक पडे. "पोट दुखत असंल तर काठावर बस. नुसती लाज वाटत असंल तर उतर," एवढेच त्या म्हणत. पाटोद्याच्या तहसील कचेरीबाहेर मी कैक वर्षे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण आठवीपर्यंतच झाले असले, तरी भल्याभल्यांचे म्हणणे मी मुद्देसूद मांडून दिले आहे. परंतु इतक्या थोडक्यात निकाल देणारी दुसरी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही. कौसाबाई मागील उन्हाळ्यात वारल्या. त्यांच्याविषयी चार शब्द लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो.

बाई उंच, हाडकुळ्या, बोलायला फटकळ. उमेदीची वर्षे ऊसतोडीत सरलेली. तिशी गाठण्याच्या आतच त्यांची गर्भपिशवी काढण्यात आली होती. पाळीत खाडा होतो, खाड्याचा दंड बसतो, तेव्हा पिशवीच काढून टाक, हा सल्ला टोळीच्या मुकादमाचा. दवाखान्यात नेणाराही तोच. ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती आणि कोणी उच्चारीत नसे.

त्याच मुकादमाने पुढे मोसंबी लावली आणि शेततळे खोदले. शेततळ्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला की पाय ठरत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही दोराशिवाय वर येता येत नाही. शेजारच्या वस्तीवरची एक सून घागर भरताना अशाच एका तळ्यात बुडून गेली. त्यानंतर कौसाबाई मुकादमाच्या दारात उभ्या राहिल्या. "उद्या तुमच्या तळ्यात कुणी मेलं तर पोलीस तुमच्याच दारात येतेल. पोरींना पवायला शिकवते. सकाळचं तळं द्या." तो नाइलाजाने कबूल झाला.

माझी कन्या अश्विनी त्या शिकवणीत जाऊ लागली. तिची पाळी आली तेव्हा आमच्या मंडळींनी, म्हणजे तिच्या आईने, तिला घरी बसविले. दुसऱ्या दिवशी उजाडताच कौसाबाई अंगणात हजर. प्रस्तुत विषय पुरुषांचा नसल्याने मी ओसरीवर थांबलो, तथापि ऐकू सर्व येत होते.

"वैनी, पाय घसरतो तवा पानी तारीख इचारतं का?"

"अवो, पन पॅडचं काय करायचं?"

"पॅड पान्यात गोधडीवानी फुगतंय. त्याचा काय उपेग न्हाई." असे म्हणून त्यांनी उपकेंद्रातील नर्सबाईंनी दिलेल्या दोन वस्तू काढल्या: एक रबरासारखा कप आणि एक कापसाचा बोटभर टॅम्पॉन.

"यातलं चांगलं कोनतं?" अश्विनीने विचारले.

"तुला तुज्या हातानं घालता आन् काढता येतंय, ते चांगलं."

"मग हे. याला दोरा हाय."

"घे. आत जाऊन बघ. न्हाई जमलं तर रडू नको, आज काठावर बस. जमलं तर पान्यातनं आल्यावर आठवनीनं काढायचं. इसरून झोपायचं न्हाई."

बऱ्याच वेळाने अश्विनी बाहेर आली. ओठ दाताखाली दाबलेला होता, पण मान होकारार्थी हलली. दोघी तळ्याकडे गेल्या.

त्या जाऊन थोडा अवकाश होतो न होतो, तोच मुकादम मोटारसायकल घेऊन माझ्या दारी आला. पाळीतली एक मुलगी तळ्यात उतरल्याचे त्याच्या कानावर कोणीतरी घातले होते. जागेवरच तक्रार लिहून हवी म्हणून त्याने मला मागे बसविले. आम्ही पोहोचलो तेव्हा कौसाबाई आणि तीन मुली पाण्यात होत्या.

"कौसे! तळं बाटवलं माजं! देवीचा निवद ह्याच पान्यावर व्हतो!" असे ओरडून त्याने बाभळीला बांधलेला दोर पाण्यातून वर ओढून घेतला. "जिची पाळी हाय तिचं नाव सांग. मग सोडतो दोर."

"मुकादम, मुली बुडाल्या तर हा फौजदारी गुन्हा—"

"गप बे! तुला लिवायला आनलंय."

अश्विनीने उतारावर हात टाकला. प्लास्टिकवरून बोटे घसरली आणि ती पाण्याखाली गेली. कौसाबाईंनी तिला वेणीला धरून वर काढले. "उतान्या व्हा समद्या! कान पान्यात घाला. त्येचं ऐकूच नका." तिन्ही मुली पाठीवर तरंगू लागल्या, परंतु अश्विनीची छाती भात्यासारखी हलत होती. ती किती वेळ तग धरील, याचा भरवसा नव्हता. तिचे नाव माझ्या जिभेवर आले. कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि मी तोंड उघडण्याआधीच त्या बोलल्या.

"मला हाय पाळी, मुकादम."

मोसंबीतला पाण्याचा पाईप तेवढा थेंब थेंब वाजत होता.

"घ्या की लिवून, अर्जवाले. कौसाबाईला पाळी आली. आन् साक्षीदार म्हून मुकादमाची सही घ्या. त्येंना माज्या पाळीचं समदं ठाव हाय."

मुकादमाचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावरचा रंगच गेला. शेवटी दोर पाण्यात फेकून तो मोसंबीच्या ओळींतून पायीच निघून गेला. मोटारसायकल तिथेच उभी राहिली.

कौसाबाईंनी अश्विनीला प्रथम वर काढले, मग इतर दोघींना. स्वतः सर्वांत शेवटी आल्या आणि पदर पिळत उभ्या राहिल्या. अश्विनीचे ओठ निळे पडले होते, दातावर दात आपटत होते.

"उद्यापासून ही येणार नाही," मी निक्षून सांगितले.

"कावून?"

"बाई, आज माझी पोर गेली असती!"

"गेली असती. तुमी काठावर कागद धरून हुबे व्हता." त्यांचा आवाज चढला नाही. "उद्याबी हिची पाळीच हाय. पेन घरी ठेवा आन् दोरापाशी येऊन बसा."

मी बसलो. ती पाळी संपेपर्यंत रोज बसलो, आणि पुढच्या पाळीलाही.