मामींचा थांबा

विरार पूर्वेत मामांइतकं इंग्लंड कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मामा तर आयुष्यात गोव्याच्या पलीकडे गेले नव्हते. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. फुलपाड्याला तिसऱ्या मजल्यावर ते आणि मामी असे दोघंच राहत. कारखान्यात नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळे निवृत्तीनंतरही खिशात पट्टी असायची आणि पोळी जाड झाली तर ती किती मिलिमीटरने जाड झाली हे मामींना जेवता जेवता कळायचं. बोटीवर नोकरी करणारा त्यांचा वसईचा एक मित्र इंग्लंडहून येताना एक खोका घेऊन आला आणि घराचे रूळच बदलले. खोक्यात एक हिरवं इंजिन, दोन चॉकलेटी डबे, रुळांचे तुकडे आणि इवलेसे साहेब नि मडमा. सगळं खऱ्या इंग्लिश गाडीच्या दीडशेव्या भागाएवढं, रुळांमधलं अंतर नऊ मिलिमीटर. मामांनी ते अर्थातच मोजून पाहिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी सतरंजीवर रूळ मांडले. चौथ्या फेरीला सतरंजीचे तंतू इंजिनाच्या चाकांत गुंडाळले गेले आणि मामा तीन दिवस चिमटा घेऊन बसले. मग सपाट जागा हवी म्हणून त्यांनी बेडरूमचं दार बिजागऱ्यांसकट काढून दोन स्टुलांवर आडवं टाकलं. मामींनी दाराच्या जागी जुन्या साडीचा पडदा लावला. "पाहुण्यांना काय सांगू?" त्यांनी विचारलं. "दार इंग्लंडला गेलंय म्हणून सांग," मामा म्हणाले. इंग्लंडात हिरवी कुरणं हवीत, ती आणायची कुठून? मामींनी दिवाळीच्या किल्ल्यावर पेरतात तसं ओल्या मातीत हळीव पेरलं. चार दिवसांत इंग्लंड असं तरारलं की बघत राहावं. पण त्या पाण्याने खालच्या तारांचे सांधे गंजले, गाडी आचके देऊ लागली आणि मला बोलावणं आलं.

मी जवळच तुळिंजला राहतो, वायरिंगची कामं घेतो. भूत म्हणजे लूज कॉन्टॅक्ट, असं माझं साधं मत होतं. सांधे बदलले, माती काढून टाकली, गाडी सुरळीत धावू लागली. मामी म्हणाल्या, "अहो, एवढ्या साहेबांत आपलं कुणीच नाही. मला बसवा त्यात." मामांनी खोक्यातली नखाएवढी एक मडम काढली, तिच्या कोटावर पिवळी साडी रंगवली, डब्याचं छप्पर उघडून तिला खिडकीशी चिकटवलं आणि खिडक्यांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या काचा लावल्या. गाडी स्वयंपाकघराच्या बाजूने गेली की आतून मामी पोळी लाटता लाटता ओरडायच्या, "आले हो!" मामा नुसते हसायचे.

पुढच्याच वर्षी दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि मामी गेल्या. महिन्याभराने मामांनी गाडी पुन्हा सुरू केली. ती स्वयंपाकघराच्या बाजूला आली आणि थांबली. बोटाने ढकलली तर निघाली, पुढच्या फेरीला तिथेच थांबली. मी गेलो, स्पिरिटने रूळ पुसले, मीटर लावला. वीज पुरेपूर. एकटं इंजिन सोडलं तर ते बेधडक जाई. दुसरा डबा जोडला तरी जाई. मामींचा डबा जोडला की मात्र नेमकं तिथेच थांबे, आणि त्या वेळी स्वयंपाकघर इतकं शांत होई की मला माझा श्वास ऐकू येई. "डब्याची चाकं जाम होत असतील," मी म्हणालो. "जावईबापू, चाकं तुम्हीच तपासलीत," मामा शांतपणे म्हणाले. "तिला उतरायचंय. तिथे स्टेशनच नाही, तर बिचारी उतरणार कुठे?"

त्यांनी पुठ्ठ्याचा एवढासा फलाट बांधला. गाडी तिथे थांबतच राहिली. महिन्याभरात फलाटाच्या कडेला हळीव उगवलं. मातीचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. दाराच्या फटीत जुनं बी राहिलं असणार, असं मी मोठ्याने म्हणालो. मुख्यतः स्वतःला ऐकू यावं म्हणून.

मामांनी घराबाहेर पडणं सोडलं. चहाचे दोन कप भरायचे, एक फलाटाशेजारी निवत राहायचा. वजन उतरलं, दाढी वाढली. माझी बायको घाबरली. एका दुपारी आम्ही दोघं रिकामी पिशवी घेऊनच गेलो. "मामा, तू आमच्याकडे चल. इथे एकटा राहिलास तर संपशील," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मामा म्हणाले, "मी आलो तर गाडी कोण सोडणार? ती उतरायला थांबली, तर तिला बघायला कोण आहे इथे?" हे दाखवायलाच जणू त्यांनी गाडी सोडली.

गाडी फलाटाशी आली आणि थांबली नाही. दुसरी फेरी, तिसरी फेरी. मामांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी गाडी बंद केली आणि डबा उचलून डोळ्यांशी नेला. खिडकीशी कुणीच नव्हतं.

सापडली ती माझ्या बायकोला. फलाटावर, हळिवाच्या दोन देठांमध्ये पिवळ्या साडीतली ती नखाएवढी बाई उभी होती, तोंड स्वयंपाकघराकडे. उकाड्याने गोंद सुटला असेल, असं मी म्हणणार होतो. पण डब्याचं छप्पर बसलेलं होतं आणि सगळ्या काचा जागच्या जागी होत्या.

"उतरली," मामा म्हणाले. किती तरी वेळ ते तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "भरा पिशवी."

तिला त्यांनी तिथेच राहू दिलं. आमच्याकडे त्यांनी फक्त खोका आणला आणि आमच्या प्लायवूडवर रूळ मांडले. तिथे गाडी कुठेही अडली नाही. तरीही आमच्या स्वयंपाकघराच्या बाजूला आली की मामा स्वतःच्या हाताने तिला क्षणभर थांबवायचे. मी एकदा विचारलं, "आता कशाला?"

"कुणी चढणारं असलं तर?" ते म्हणाले.

मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. रविवारी दुपारी मी खोका काढतो, रूळ पुसतो, गाडी सोडतो. स्वयंपाकघराच्या बाजूला ती थांबते, तेव्हा आतून बायको लाटणं थांबवून विचारते, "का हो थांबली?"

गाडीच्या बटणावरचा अंगठा मागे घेत मी सांगतो, लूज कॉन्टॅक्ट असेल.